वेबसाइटची पूर्ण किल्ली न देता: मर्यादित एफटीपी खातं काढून देण्याची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी असो, विट्यातलं यंत्रमागाचं युनिट असो की मिरजेतलं एखादं कॉलेज, वेबसाइटचं गाडं एकाच जागी अडतं. फोटोग्राफरला फोटो चढवायचे असतात, छापखान्याला कॅटलॉगची फाइल ठेवायची असते आणि मालक सीपॅनेलचं (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलचं) युझरनेम-पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होतो. त्या एका पासवर्डात ईमेल, डेटाबेस, बॅकअप आणि त्या होस्टिंगवरच्या सगळ्या साइटी आल्या.

काही जण सावध असतात, ते वेगळं एफटीपी खातं, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवण्या-उतरवण्यापुरतं खातं, काढून देतात. पण फोल्डर चुकीचं निवडतात, तपासणी करत नाहीत आणि काम संपल्यावर ते खातं वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी आहे. इथली रीत सीपॅनेल असलेल्या शेअर्ड होस्टिंगची (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइटी) आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या धंद्यांच्या साइटी बहुतेक तिथंच असतात. प्लेस्क किंवा डायरेक्टॲडमिन अशा दुसऱ्या पॅनेलांत बटणांच्या जागा बदलतील, विचार तोच. पडद्यावर नावं इंग्रजीत असतील. इथं ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

उदाहरण एकच धरू: मार्केट यार्डातली एक हळदीची पेढी, आणि तिच्यासाठी दर आठवड्याला पाकिटांचे आणि मालाचे फोटो काढणारे विश्रामबागचे फोटोग्राफर.

आधी ठरवा: काम कोणत्या जातीचं आहे

सीपॅनेल उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा. खातं कोणासाठी, तो काय चढवणार, ते कुठं ठेवणार आणि कधीपर्यंत. चौथी गोष्ट लोक हमखास सोडतात. तारीख माहीत नसेल तर तीन महिने लिहा. लागलं तर वाढवता येतं.

यातली दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एफटीपीची कामं तीन जातींची असतात, आणि तिन्हींना एकच उपाय लावला की घोळ होतो.

पहिली जात: समोरचा नुसत्या फाइली टाकणार, तुम्ही त्या बघून पुढं वापरणार. फोटो, पीडीएफ, एक्सेलचे दरपत्रक. मर्यादित एफटीपी खातं खरं यासाठीच आहे.

दुसरी जात: टाकलेली फाइल थेट वेबसाइटवर दिसली पाहिजे. फोटोग्राफरने फोटो चढवला की लगेच गॅलरीत हजर. हे करता येतं, पण धोका वाढतो.

तिसरी जात: समोरचा साइटचा कोड बदलणार. थीम, प्लगइन, पीएचपी फाइली (सर्व्हरवर चालणारा कोड). इथं मर्यादित एफटीपी खातं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

कारण असं. एफटीपी खातं एका फोल्डरपुरतं बांधलं की एफटीपीतून त्याला बाहेर जाता येत नाही, हे खरं. पण त्या फोल्डरात पीएचपी फाइल चढवता आली आणि ती ब्राउझरमधून चालवता आली, तर ती फाइल एफटीपी खात्याच्या मर्यादेत चालत नाही. बहुतेक होस्टवर ती तुमच्या मुख्य सीपॅनेल खात्याच्या हक्काने चालते. मग वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल, तिच्यातला डेटाबेसचा पासवर्ड, शेजारच्या साइटी, मेलबॉक्स, सगळं वाचता येतं. थीम बनवणाऱ्याला ‘फक्त थीमच्या फोल्डरचा’ ॲक्सेस दिला म्हणून निर्धास्त झोपणारे बरेच आहेत. थीमचं फोल्डर पीएचपीनेच भरलेलं असतं, तेव्हा त्याला अख्ख्या साइटचा ॲक्सेस दिलाय असंच धरून चाला.

तिसऱ्या जातीच्या कामाला माझं उत्तर ठरलेलं आहे. वेगळ्या होस्टिंग खात्यावर साइटची प्रत काढून द्या, किंवा झिप मागवा आणि बघून स्वतः चढवा. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण ॲक्सेस द्या, पण पूर्ण ॲक्सेस देतोय हे माहीत असून द्या, आणि काम झाल्यावर सगळे पासवर्ड बदला.

पुढच्या पायऱ्या पहिल्या आणि दुसऱ्या जातीच्या आहेत.

पायरी १: जुनी खाती मोजा, बॅकअप घ्या

सीपॅनेलमध्ये ‘फाइल्स’ गटात ‘एफटीपी अकाउंट्स’ उघडा. नवं खातं काढायच्या आधी खाली असलेली यादी वाचा. पूर्वीच्या वेबसाइटवाल्याने, त्याच्या हाताखालच्या पोराने किंवा कधीकाळच्या डिझायनरने काढलेली खाती तिथं निवांत बसलेली सापडतात. सीपॅनेलचा मुख्य पासवर्ड बदलला की ही खातीही बंद झाली, असा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. एफटीपी खात्यांचे पासवर्ड वेगळे असतात आणि ते तसेच चालू राहतात.

‘स्पेशल एफटीपी अकाउंट्स’ खाली मुख्य खातं आणि लॉगचं खातं दिसेल. ती काढता येत नाहीत, काढायचीही नाहीत. बाकी कोणाचं आहे ते सांगता येत नाही असं प्रत्येक खातं नोंदवून ठेवा. लगेच काढू नका, आधी पासवर्ड बदला. कोणाचं काम अडलं तर दोन दिवसांत फोन येतोच.

‘ॲनॉनिमस एफटीपी’ हे वेगळं पान आहे. तिथं परवानगीची खूण असेल तर काढून टाका. पेढीच्या साइटला त्याची गरज पडत नाही.

मग ‘बॅकअप’मधून पूर्ण बॅकअप बनवा आणि तो आपल्या संगणकावर उतरवून घ्या. पूर्ण बॅकअपची फाइल तयार होऊन होम फोल्डरातच पडते. ती तिथंच ठेवली तर जागाही खाते, आणि होमपर्यंत पोहोचणाऱ्याच्या हाती आयतं घबाड लागतं. उतरवली की सर्व्हरवरून काढा.

तपासा: उतरवलेली बॅकअप फाइल तुमच्या मशीनवर उघडते का? नुसती दिसते म्हणून ती धड आहे असं नाही.

पायरी २: फोल्डर आधी, खातं नंतर

सगळ्यात जास्त चुका या क्रमात होतात. लोक थेट खातं काढायला बसतात आणि सीपॅनेल सुचवेल ते फोल्डर घेतात. लॉगिनचं नाव टाइप करताच ‘डिरेक्टरी’चा रकाना आपोआप भरला जातो आणि त्या नावाचं एक नवंच फोल्डर तिथं सुचवलेलं असतं. ‘क्रिएट’ दाबलं की ते फोल्डर तयार. फोटोग्राफर लॉगिन करतो, त्याला रिकामं फोल्डर दिसतं, तो म्हणतो “यात काहीच नाही,” आणि मालक वैतागून त्याला मुख्य पासवर्ड देतो. वरून ते सुचवलेलं फोल्डर साइटच्या फोल्डराच्या आत असेल तर त्यात टाकलेलं सगळं जगाला उघडं.

म्हणून आधी ‘फाइल मॅनेजर’ उघडा. डाव्या बाजूच्या झाडात सगळ्यात वर होम असतं, त्याच्या आत पब्लिक एचटीएमएल. पब्लिक एचटीएमएलमध्ये जे ठेवाल ते ब्राउझरमधून मागता येतं. त्याच्या शेजारी, होममध्ये ठेवाल ते येत नाही.

पहिल्या जातीच्या कामासाठी नवं फोल्डर होममध्येच, पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर करा. आधी एक ‘आवक’ नावाचं फोल्डर (अर्थात इंग्रजी अक्षरांत), त्याच्या आत प्रत्येक माणसाचं वेगळं: एक फोटोंचं, एक छापखान्याचं. दोघांना एकच फोल्डर देऊ नका. आणि कोणालाही वरचं ‘आवक’ फोल्डर देऊ नका, कारण ज्याला वरचं मिळतं त्याला आतली सगळी मिळतात.

यावर लोक विचारतात, फोटो पाहायचा आणि साइटवर टाकायचा कोणी? तुम्ही. फाइल मॅनेजरमध्ये निवडायचं, ‘मूव्ह’ करायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्या दोन मिनिटांत नको तो फोटो, चुकीच्या मालाचं लेबल, जुना दर हेही नजरेस पडतं. पेढीला हा फायदा सुरक्षेइतकाच मोठा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या जातीसाठी फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या आत लागेल. तिथं निदान एवढं करा: ‘इंडेक्सेस’ पानावर जाऊन त्या फोल्डरला ‘नो इंडेक्सिंग’ लावा, नाहीतर पत्ता उघडणाऱ्याला आतल्या सगळ्या फाइलींची यादी दिसते. पतसंस्थांच्या बाबतीत हे फार महागात पडू शकतं. सभासदांची आधारची छायाप्रत अशा फोल्डरात असली की गूगललाही ती सापडू शकते. त्या फोल्डरात पीएचपी चालू नये अशी व्यवस्था होस्टकडून करून घ्या. हे काम तुम्ही स्वतः एचटीॲक्सेस फाइलीतून (फोल्डरचे नियम लिहायची फाइल) केलंत तर एक भोक राहतं: ज्याला त्या फोल्डरात लिहिता येतं तो स्वतःची एचटीॲक्सेस फाइल टाकून तुमचा नियम फिरवू शकतो. त्यामुळे दुसऱ्या जातीचं खातं ओळखीच्या, भरवशाच्या माणसालाच द्या. शक्य असेल तर दुसरी जात टाळून पहिलीवर या.

फोल्डराची परमिशन (कोणाला वाचता-लिहिता येतं ते सांगणारा आकडा) ७५५ आणि फाइलींची ६४४ असावी. ‘चढत नाही’ म्हटलं की ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करून टाकायचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. तो ऐकू नका. एफटीपी खात्याने टाकलेल्या फाइलींची मालकी तुमच्या मुख्य खात्याचीच असते, तेव्हा ७५५ वर चढत नसेल तर कारण दुसरंच आहे. वरून काही सर्व्हर ७७७ दिसलं की साइटच ५०० चूक दाखवून बंद करतात.

सावध: एकाच होस्टिंगवर दोन-तीन साइटी असतील तर प्रत्येकीचं फोल्डर कुठं आहे ते ‘डोमेन्स’ पानावर पाहा. दुसऱ्या साइटींची फोल्डरं कधीकधी मुख्य साइटच्या पब्लिक एचटीएमएलच्या पोटातच असतात. मुख्य साइटसाठी म्हणून दिलेलं खातं मग भावाच्या दुकानाची साइटही उघडी करतं.

पायरी ३: खातं काढा

आता ‘एफटीपी अकाउंट्स’वर परत या.

लॉगिन: माणसाचं नाव नको, कामाचं आणि वर्षाचं नाव द्या, म्हणजे वर्षाने यादी वाचताना डोकं खाजवावं लागत नाही. खाली डोमेन निवडा. पूर्ण युझरनेम म्हणजे लॉगिन, मग ॲट, मग डोमेन. ईमेलच्या पत्त्यासारखं दिसतं, पण ईमेल नाही, आणि तो ॲटनंतरचा भाग टाकल्याशिवाय लॉगिन होत नाही.

पासवर्ड: ‘पासवर्ड जनरेटर’ वापरा, निदान सोळा अक्षरांचा. फोनवर सांगायचा असेल तर चिन्हं कमी आणि लांबी जास्त ठेवा. ॲट, तिरकी रेघ आणि दोन टिंबं ही तीन चिन्हं टाळा. काही सॉफ्टवेअर पासवर्ड पत्त्यातच जोडतात आणि तिथं ती चिन्हं घात करतात.

डिरेक्टरी: हाच तो रकाना. आपोआप भरलेलं सगळं पुसा आणि पायरी २ मध्ये केलेल्या फोल्डरचा मार्ग टाका. हा मार्ग होमपासून मोजला जातो, म्हणून होमचा पूर्ण मार्ग पुन्हा लिहू नका. लिहिलात तर होमच्या आत दुसरं होम तयार होतं आणि तुम्ही शोधत बसता. नुसती तिरकी रेघ ठेवलीत तर ते खातं अख्ख्या होमचं मालक होतं. मार्गातलं एखादं अक्षर चुकलं तरी चूक दिसत नाही, कारण नसलेलं फोल्डर सीपॅनेल मुकाट्याने तयार करतं. लिनक्सवर लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात हेही ध्यानात ठेवा.

कोटा: ‘अनलिमिटेड’ सोडू नका. फोटोग्राफरने एकदा कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइली अख्ख्या ओतल्या की होस्टिंगची जागा भरते, आणि मेलही त्याच जागेत असल्यामुळे पेढीचे मेल यायचे बंद होतात. मग सगळे मेलवाल्याला शिव्या घालतात. आठवड्याला किती फोटो येतात, त्याच्या तिप्पट कोटा पुरतो. काही होस्टवर कोट्याचा रकाना नसतो, तिथं ‘डिस्क यूसेज’वर स्वतः लक्ष ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या. सीपॅनेलच्या एफटीपी खात्याला ‘नुसतं चढवू दे, काढू देऊ नको’ असं बंधन घालता येत नाही. आपल्या फोल्डरात तो माणूस फाइल वाचू, बदलू, पुसू शकतो. म्हणून आवक फोल्डर ही साठवणीची जागा नाही. २०१९ च्या महापुरानंतर बॅकअपची भीती बसलेले काही दुकानदार असल्या फोल्डरात हिशेबाच्या फाइलीही ठेवू लागले. त्यासाठी वेगळी जागा घ्या. शेअर्ड होस्टिंगच्या अटींत असा साठा बहुधा बसतही नाही.

तपासा: ‘क्रिएट’ दाबल्यावर यादीत नव्या खात्यापुढचा मार्ग अक्षर न् अक्षर वाचा. मग फाइल मॅनेजर ताजं करून पाहा, कुठं नको ते नवं फोल्डर तर उगवलं नाही ना.

पायरी ४: समोरच्याला देण्याआधी स्वतः लॉगिन करा

फाइलझिला (एफटीपी जोडायचं सॉफ्टवेअर) उघडा, पण वरच्या ‘क्विककनेक्ट’ पट्टीतून नको. ‘साइट मॅनेजर’मध्ये नवी साइट करा.

प्रोटोकॉल ‘एफटीपी’. एन्क्रिप्शनमध्ये ‘रिक्वायर एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’. टीएलएस म्हणजे जोडणी कुलूपबंद करणारी पद्धत. फाइलझिला आधीच निवडून ठेवतं तो पर्याय ‘जमलं तर टीएलएस’ असा आहे; नाही जमलं तर तो साध्या एफटीपीवर उतरू शकतो आणि मग पासवर्ड उघडा वाहतो. ‘रिक्वायर’ निवडलं की जमलं नाही तर जोडणीच होत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. पोर्ट २१.

इथं एक गैरसमज दर वेळी भेटतो. ‘एसएफटीपी सुरक्षित असतं’ असं ऐकून लोक प्रोटोकॉल एसएफटीपी (नाव सारखं, पण पद्धत वेगळी) आणि पोर्ट २२ लावतात. ते सुरक्षित आहेच, पण सीपॅनेलमध्ये एसएफटीपी फक्त मुख्य खात्याला चालतं. तुम्ही काढलेलं मर्यादित खातं तिथं कधीच लॉगिन होणार नाही, पासवर्ड कितीही बरोबर असो. मर्यादित खात्यासाठी टीएलएसवरचं एफटीपी, म्हणजेच एफटीपीएस.

‘ट्रान्सफर सेटिंग्ज’ टॅबमध्ये मोड ‘पॅसिव्ह’ करा, म्हणजे सगळ्या जोडण्या तुमच्याकडूनच सुरू होतात. तिथंच एका वेळच्या जोडण्या दोनवर मर्यादित करा.

आता ‘कनेक्ट’. सर्टिफिकेटचा इशारा आला तर न वाचता ‘ओके’ दाबू नका. बहुतेक वेळा सर्टिफिकेट सर्व्हरच्या नावाचं असतं आणि तुम्ही होस्टमध्ये आपलं डोमेन लिहिलेलं असतं. स्वागताच्या मेलमध्ये होस्टने सर्व्हरचं नाव दिलेलं असतं, ते होस्टच्या रकान्यात टाका, इशारा जातो. साइट क्लाउडफ्लेअरसारख्या मधल्या सेवेमागे असेल तर डोमेन टाकून एफटीपी जोडणारच नाही. तिथं सर्व्हरचंच नाव लागतं.

जोडणी झाली की वरच्या लॉगच्या चौकटीत उजवी कळ दाबून ‘शो डिटेल्ड लॉग’ला खूण करा आणि पुन्हा जोडा. होस्टकडे प्युअर-एफटीपीडी हे एफटीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर २३० ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘करंट रिस्ट्रिक्टेड डिरेक्टरी इज’ असं येतं. तो ‘रिस्ट्रिक्टेड’ शब्द पाहायचा. पुढं नुसती तिरकी रेघ दिसेल. घाबरू नका, या खात्याच्या दृष्टीने त्याचं फोल्डर हेच सगळं जग आहे.

मग पाच गोष्टी करा: एक छोटी मजकुराची फाइल चढवा, उतरवा, नाव बदला, वरच्या फोल्डरात जायचा प्रयत्न करा, पुसा. वर जाता येता कामा नये, आणि पब्लिक एचटीएमएल किंवा मेल अशी नावं दिसता कामा नयेत.

तपासा: फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर असेल तर ती फाइल पुन्हा चढवा आणि ब्राउझरमधून मागून पाहा. ४०४ (सापडलं नाही) यायला हवं. दुसऱ्या जातीचं फोल्डर असेल तर एका ओळीची निरुपद्रवी पीएचपी फाइल चढवून ब्राउझरमध्ये उघडा. ती चालली, म्हणजे तिने काही छापलं, तर खातं कोणालाही देऊ नका, होस्टला गाठा. चाचणीची फाइल पुसायला विसरू नका.

पायरी ५: माहिती हातात द्या

युझरनेम आणि पासवर्ड एकाच निरोपात पाठवू नका, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. बाकी माहिती मेलने, पासवर्ड फोनवर. निरोप असा लिहिला की उलट फोन कमी येतात:

“दादा, नमस्कार. फोटो चढवायला वेगळं खातं काढलंय. फाइलझिलात साइट मॅनेजरमध्ये होस्ट, पोर्ट २१, एन्क्रिप्शन ‘रिक्वायर एक्सप्लिसिट’ असं टाका. युझरनेम ॲटनंतरच्या डोमेनसकट पूर्ण टाका. पासवर्ड फोनवर सांगतो. फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. चढवलेले फोटो आम्ही सोमवारी तिथून हलवतो, त्यामुळे मूळ प्रत तुमच्याकडे राहू द्या. खातं दिवाळीपर्यंत चालू आहे.”

फाइलींच्या नावांचं का सांगायचं? देवनागरी नावं आणि मोकळ्या जागा पत्त्यात गेल्या की त्यांची टक्केचिन्हांची माळ होते, आणि लहान-मोठ्या अक्षरांमुळे ‘फोटो आहे पण दिसत नाही’ ही तक्रार सुरू होते.

फाइलझिलात पासवर्ड जतन करायचा असेल तर ‘मास्टर पासवर्ड’ लावायला सांगा. तो नसेल तर जतन केलेले पासवर्ड मशीनवर जवळपास उघडेच पडलेले असतात. स्टुडिओतला संगणक चार पोरं वापरत असतील तर दर वेळी पासवर्ड विचारणारा पर्याय बरा.

पायरी ६: अडलं तर कुठं बघायचं

५३० ही चूक (लॉगिन नाकारलं) आली तर दहातल्या नऊ वेळा युझरनेम अपुरं असतं किंवा पासवर्डच्या शेवटी कॉपी करताना मोकळी जागा चिकटलेली असते. सर्व्हरला दोष देण्याआधी पासवर्ड हाताने टाइप करा.

लॉगिन होतं पण यादी येत नाही, मिनिटभर फिरून ‘फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग’: पॅसिव्ह मोड नाही, किंवा ऑफिसच्या फायरवॉलने मोठ्या आकड्यांचे पोर्ट अडवलेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा. तिथं चाललं तर दोष ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे.

४२१ म्हणजे बहुधा एकाच ठिकाणाहून जास्त जोडण्या. पायरी ४ मधली दोनची मर्यादा लावा.

५५२ म्हणजे कोटा भरला. इथं एक गंमत आहे: एफटीपीचा हिशेब एफटीपीतून झालेल्या ये-जा वर चालतो. तुम्ही फाइल मॅनेजरमधून फोल्डर रिकामं केलं तरी त्या हिशेबाला ते लगेच कळत नाही. फोल्डर रिकामं दिसतंय आणि तरी ५५२ येतंय, तर होस्टच्या सपोर्टला कोटा पुन्हा मोजायला सांगा.

आणि सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी तक्रार: “साइट सगळ्या सांगलीला दिसते, फक्त आमच्या दुकानात दिसत नाही.” कोणीतरी चुकीचा पासवर्ड सारखा टाकलाय, किंवा पासवर्ड बदलल्यावर एखादं जुनं सॉफ्टवेअर मागं बसून जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवतंय, आणि सर्व्हरच्या फायरवॉलने त्या जोडणीचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अडवलाय. साइट पडलेली नसते. आपला आयपी होस्टला कळवून सोडवून घ्या, पण त्याआधी ते जुनं सॉफ्टवेअर शोधून बंद करा, नाहीतर तासाभरात पुन्हा तेच.

स्वतःचा सर्व्हर असेल तर

व्हीपीएसवर (भाड्याच्या स्वतंत्र सर्व्हरवर) पॅनेल नसेल तर ओपनएसएसएचचं एसएफटीपी घ्या आणि माणसाला क्रूट डिरेक्टरीत, म्हणजे एका फोल्डरपुरतं, बांधा. तिथं बहुतेकांचा घोटाळा एकच होतो: ज्या फोल्डरात बांधायचं ते आणि त्याच्या वरची सगळी फोल्डरं रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) मालकीची असावी लागतात, दुसऱ्या कोणाला त्यात लिहिता येऊ नये. लोक ते फोल्डर त्या माणसाच्याच नावावर करतात आणि लॉगिन होताक्षणी जोडणी तुटते. लिहिण्यासाठी आत एक वेगळं उपफोल्डर त्याच्या मालकीचं करा. इंटर्नल-एसएफटीपी सक्तीचं करा, शेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग बंद ठेवा, ‘मॅच’चा भाग सेटिंगच्या फाइलीत सगळ्यात शेवटी लिहा. बदल लागू करण्याआधी सेटिंगची चाचणी चालवा आणि आपली चालू खिडकी उघडी ठेवा. नव्या खिडकीतून लॉगिन होतंय हे पाहिल्याशिवाय जुनी बंद करायची नाही.

पायरी ७: चालू असताना नजर

महिन्यातून एकदा ‘एफटीपी कनेक्शन्स’ पान उघडा. आत्ता कोण जोडलेलं आहे ते दिसतं आणि तिथूनच तोडताही येतं. ‘रॉ ॲक्सेस’मधून लॉग उतरवून घ्या. मध्यरात्री तीनला, अनोळखी आयपीवरून, फोटोंच्या फोल्डरात पीएचपी नावाची फाइल चढलेली दिसली तर विचारपूस नंतर. आधी पासवर्ड बदला आणि जोडणी तोडा. लॉग जपून ठेवायची सवय लावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आणि सेवा देणाऱ्यांनी लॉग १८० दिवस ठेवावेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्यात असं म्हटलं आहे, आणि होस्ट स्वतःहून एवढे जुने लॉग तुमच्यासाठी ठेवेलच असं धरू नका.

पायरी ८: बंद करताना

कागदावर लिहिलेली तारीख आली की आधी फोल्डरातलं हवं ते हलवा. मग पासवर्ड बदला आणि आठवडाभर थांबा. कोणी काही बोललं नाही तर ‘डिलीट’.

सावध: डिलीट करताना खात्याचं फोल्डर फाइलींसकट काढायचं का, असा वेगळा पर्याय समोर येतो. खातं आवक फोल्डराचं असेल तर फारसं बिघडत नाही. पण कोणी पूर्वी खातं पब्लिक एचटीएमएलवरच काढलेलं असेल आणि तुम्ही तो पर्याय निवडलात, तर खात्याबरोबर अख्खी साइट जाते. जुनी खाती साफ करताना प्रत्येकापुढचा मार्ग वाचा, तो पर्याय निवडू नका, आणि फोल्डर काढायचंच असेल तर नंतर फाइल मॅनेजरमधून हाताने काढा.

दुसऱ्या जातीचं खातं बंद केलंत तर त्या फोल्डरात पीएचपी आणि एचटीॲक्सेस फाइली शोधा. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘शो हिडन फाइल्स’ला खूण केल्याशिवाय एचटीॲक्सेस दिसतच नाही. तुम्ही न ठेवलेली अशी एखादी फाइल सापडली तर ती पुसायच्या आधी तिची प्रत आणि तारीख जपून ठेवा, मुख्य सीपॅनेल, ईमेल आणि डेटाबेसचे पासवर्ड बदला, आणि पायरी १ मधला बॅकअप हाताशी घेऊन होस्टला कळवा.